झोंबिवली (चित्रपट)

हा लेख २०२२ साली प्रदर्शित झालेल्या मराठी चित्रपटाविषयी आहे. आनंद यादव यांच्या 'झोंबी' या आत्मचरित्रात्मक कादंबरीशी या चित्रपटाचा संबंध नाही.

झोंबिवली हा मराठी भाषेतील भयविनोदी चित्रपट असून तो २६ जानेवारी २०२२ रोजी चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. आदित्य सरपोतदार हे त्याचे दिग्दर्शक आहेत. सारेगामा इंडिया या कंपनीच्या यूडली फिल्म्स या शाखेने त्याची निर्मिती केली. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांनी त्यात प्रमुख भूमिका केल्या असून तृप्ती खामकर, जानकी पाठक आणि विजय निकम हे इतर भूमिकांत आहेत. झोंबी, म्हणजे मेल्यानंतर पुन्हा हिंडू लागलेली आणि जिवंतांना चावत सुटणारी माणसे, हा विषय हाताळणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. ठाणे जिल्ह्यातील डोंबिवली या उपनगरी शहरात त्याचे कथानक घडते.

नाव

'झोंबी' आणि 'डोंबिवली' या दोन शब्दांच्या जोडणीतून चित्रपटाचे नाव तयार झाले आहे. ही कोटी मराठीत विशेष खुलते, कारण झोंबी हा शब्द मराठीला परका नाही. झटापट, धराधरी, अंगाशी केलेली कुस्ती या अर्थांनी तो जुना आहे आणि आनंद यादव यांनी आपल्या १९८७ सालच्या कादंबरीला दिलेले नावही याच अर्थाचे आहे. आफ्रिकी मूळ असलेला आणि कॅरिबियन बेटांवरून इंग्रजीत गेलेला शब्द उच्चारात या देशी शब्दाशी जवळजवळ तंतोतंत जुळला, हा निव्वळ योगायोग आहे. मात्र पडद्यावर झोंबी माणसाला अक्षरशः झोंबतात, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कथानक

सुधीर जोशी (अमेय वाघ) हा मध्यमवर्गीय अभियंता आपली गरोदर पत्नी सीमा (वैदेही परशुरामी) हिच्यासह डोंबिवलीतील नव्या उंच इमारतींच्या गृहसंकुलात राहायला येतो. संकुलाला लागूनच जनतानगर ही झोपडपट्टी आहे. वस्तीला पाणी मिळत नाही आणि शेजारच्या संकुलातील रहिवाशांना त्याची झळ लागत नाही. वस्तीच्या बाजूने उभा राहणारा विश्वास (ललित प्रभाकर) हा तेथील तरुणांचा म्होरक्या आहे. एके दिवशी शहरात विचित्र साथ पसरू लागते. चावा घेतलेली माणसे काही वेळातच शुद्ध हरपून इतरांवर तुटून पडतात. संकुलाच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंची, एरवी एकमेकांना टाळणारी माणसे जीव वाचवण्यासाठी एका ठिकाणी येतात. साथीचे मूळ दूषित पाण्यात आणि त्या पाण्याशी गुंतलेल्या हितसंबंधांत आहे, हे कथा पुढे सरकते तसे उघड होत जाते.

पार्श्वभूमी: झोंबी कोठून आला

झोंबी या कल्पनेचा उगम हैती या कॅरिबियन देशातील लोकसमजुतींत आहे. हैती ही फ्रेंचांची वसाहत होती आणि तेथील उसाचे मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. मरणानंतरही सुटका न होता मांत्रिकाच्या हुकमाखाली राबत राहणारे प्रेत, ही तेथील झोंबीची मूळ प्रतिमा होय. माणसे झोंबीला भीत, पण त्याहून अधिक आपण स्वतः झोंबी होऊ याला भीत. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकी सैन्याने हैती ताब्यात ठेवले असताना ही कल्पना अमेरिकेत पोहोचली. विल्यम सीब्रुक यांच्या १९२९ सालच्या प्रवासवर्णनपर पुस्तकाने तिला प्रसिद्धी दिली आणि १९३२ साली 'व्हाइट झोंबी' हा बेला लुगोसी यांची भूमिका असलेला चित्रपट आला. त्यात साखरेच्या गिरणीत मुकाट राबणारी प्रेते दिसतात.

आज रूढ असलेला झोंबी मात्र जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) या चित्रपटाने घडवला. हा चित्रपट अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील इव्हान्स सिटी या लहान गावाच्या आसपास, एका शेतघरात, कृष्णधवल फितीवर चित्रित झाला. त्याचा खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर होता, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबाने किरकोळ. रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले गेले. चित्रपटात 'झोंबी' हा शब्द एकदाही येत नाही. तरीही या प्रकाराचे जवळजवळ सर्व नियम त्यातून आले: चावल्याने संसर्ग होतो, डोक्यावर घाव घातल्याखेरीज प्रेत थांबत नाही, आणि बंद घरात अडकलेली माणसे बाहेरच्या प्रेतांपेक्षा एकमेकांशी भांडून अधिक लवकर संपतात. डुएन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने केलेला नायक रात्रभर तग धरतो आणि सकाळी मदतीला आलेल्या बंदूकधारी गोऱ्या नागरिकांच्याच गोळीने मरतो. त्यामुळे भय दाखवता दाखवता समाजाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवण्याची प्रथा या प्रकारात पहिल्यापासून पडली. शीर्षक बदलताना स्वत्वाधिकाराची सूचना गळल्यामुळे हा चित्रपट सर्वांना विनामूल्य वापरण्यास खुला झाला आणि त्याच्या नकला जगभर निघाल्या.

झोंबीपट कमी खर्चात होतो यामागे व्यावहारिक कारणे आहेत. या प्रकाराला महागडे नट किंवा परदेशातील स्थळे लागत नाहीत. एक इमारत, एक रात्र, रंगभूषा करणारे कुशल हात आणि अडखळत चालण्याचा सराव केलेला कनिष्ठ कलावंतांचा जथा एवढ्यावर काम भागते. साहजिकच नवख्या दिग्दर्शकांनी आणि लहान निर्मितीसंस्थांनी तो आपलासा केला. पुढे 'शॉन ऑफ द डेड' (२००४) या ब्रिटिश चित्रपटाने त्यात विनोद मिसळला, तर 'ट्रेन टू बुसान' (२०१६) या कोरियन चित्रपटाने झोंबींना धावत्या आगगाडीत आणले.

भारतात २०१३ साली ल्यूक केनी यांचा 'राइज ऑफ द झोंबी' आणि राज व डीके यांचा 'गो गोवा गॉन' हे दोन हिंदी चित्रपट काही आठवड्यांच्या अंतराने आले. २०१६ साली तमिळमध्ये 'मिरुथन' आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रदर्शित झालेला प्रशांत वर्मा यांचा तेलुगू 'झोंबी रेड्डी' झोंबिवलीचा सर्वांत जवळचा शेजारी म्हणता येईल, कारण त्याने झोंबींना रायलसीमेतील कर्नूल परिसरात आणि तेथील गटांच्या खानदानी वैरात नेऊन सोडले. गोव्याच्या बेटावरील झोंबी पर्यटकांचे होते, कर्नूलचे झोंबी मात्र गावचे होते. झोंबिवली याच दुसऱ्या वाटेने जातो.

मराठी भूत आणि झोंबी

मराठी भयपरंपरा समृद्ध आहे, पण ती झोंबीला अनुकूल नव्हती. मुंज्या, वेताळ, खवीस, हडळ, समंध ही मराठी मुलखातील भुते नावगावाची असतात. प्रत्येकाची मरणकथा ठरलेली, राहण्याचे झाड किंवा विहीर ठरलेली, आणि बहुधा एखादी अपुरी इच्छाही ठरलेली. मुंजीच्या वयात मेलेला मुलगा मुंज्या होतो आणि पिंपळावर राहतो, हे लहान मुलालाही ठाऊक असते. असे भूत अंगात आले तरी ते बोलते, मागणी करते, मान मागते. देवऋषी त्याच्याशी वाटाघाट करू शकतो, उतारा टाकता येतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी या परंपरेला आधुनिक रूप दिले, तरी भयाचा केंद्रबिंदू एखादे घर, एखादे माणूस किंवा एखादा वास्तूत अडकलेला अन्याय हाच राहिला. चित्रपटांतही 'झपाटलेला' (१९९३) मधील बाहुला, 'पछाडलेला' (२००४) मधील वाडा आणि 'लपाछपी' (२०१७) मधील उसाच्या फडात अडकलेली गर्भवती यांची जातकुळी हीच आहे.

झोंबीला नाव नसते, इच्छा नसते आणि त्याच्यावर उतारा नसतो. काल रांगेत पुढे उभा असलेला शेजारी आज नुसता जबडा होऊन समोर येतो, आणि त्याच्याशी बोलून काही उपयोग नसतो. हे भय एकट्या वाड्यात उभे राहत नाही, त्याला गर्दी लागते. म्हणून मराठीत झोंबी आणायचा तर तो कोकणातल्या परसात आणून चालणार नव्हते. दिग्दर्शकाने तो मध्य रेल्वेवरच्या शहरात आणला, हा या चित्रपटाचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. परका झोंबी आणि देशी 'अंगात येणे' यांतील अंतर निर्मात्यांच्याही लक्षात होते असे दिसते. रोहन-रोहन या संगीतकार जोडीने केलेल्या आणि सिद्धार्थ जाधव यांचा सहभाग असलेल्या प्रचारगीताचे नाव 'अंगात आलंया' असेच आहे.

स्थळ म्हणून डोंबिवली

डोंबिवली हे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेतील शहर आहे. ही महापालिका १९८३ साली अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सुमारे १२.५ लाख होती. मुंबईत घर न परवडलेला मराठी मध्यमवर्ग येथे मोठ्या संख्येने स्थायिक झाला. चैत्र पाडव्याला निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा १९९९ साली येथूनच सुरू झाली आणि ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारी २०१७ मध्ये येथेच भरले. सुसंस्कृत, मध्यमवर्गीय, लोकलच्या वेळापत्रकावर जगणारे शहर ही त्याची प्रतिमा मराठी मनात पक्की आहे. ती प्रतिमा फोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट' (२००५) या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटाने केला. त्यातील माधव आपटे हा बँकेतला सज्जन कर्मचारी एके दिवशी सहन करणे थांबवतो. झोंबिवलीतील सुधीर जोशी त्याच वर्गातला, परंतु उलट स्वभावाचा आहे. त्याला कोणाशीही भांडायचे नाही, फक्त घराचे दार लावून घ्यायचे आहे. झोंबीपटात दार लावून घेणारा माणूस फार काळ तटस्थ राहू शकत नाही, आणि कथेचा विनोद व ताण दोन्ही याच गोष्टीवर पोसले आहेत.

या शहराची दुसरी बाजू औद्योगिक आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या डोंबिवलीतील वसाहतीत रासायनिक आणि कापडप्रक्रिया करणारे कारखाने आहेत आणि लोकवस्ती त्यांच्या भिंतींपर्यंत येऊन ठेपली आहे. जानेवारी २०१४ मध्ये येथे हिरवट रंगाचा पाऊस पडल्याची नोंद झाली. २६ मे २०१६ रोजी एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक भागातील एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाला, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी तेथे भेट दिली. चित्रपटाची घोषणा त्याच वर्षी झाली. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर दोन वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, याच वसाहतीत पुन्हा भीषण स्फोट होऊन जीवितहानी झाली. ज्या शहरात पाऊस हिरवा आणि रस्ता गुलाबी होऊ शकतो, तेथे पाण्यामुळे माणसे बिघडल्याचे कथानक स्थानिक प्रेक्षकाला फारसे ओढूनताणून आणलेले वाटत नाही.

पाणी

कथेतील संघर्षाचा कणा पाणी हा आहे. उंच इमारतींच्या टाक्या भरलेल्या आणि शेजारच्या वस्तीत हंड्यांची रांग, हे दृश्य मुंबई महानगर प्रदेशात सर्वत्र दिसते. कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीतून आणि बदलापूरजवळच्या बारवी धरणातून पाणी मिळते, पण महापालिकेत घालण्या-काढण्यावरून दीर्घकाळ वादात असलेल्या २७ गावांच्या परिसरात पाणीटंचाई हा जुना प्रश्न आहे. चित्रपटात भिंतीपलीकडच्यांना पाणी नाकारणारी व्यवस्थाच अखेर सर्वांवर उलटते. हैतीतील उसाच्या मळ्यात जन्मलेला झोंबी मुळात राबणाऱ्या माणसाची गोष्ट होता. जनतानगरच्या वस्तीत तो, कदाचित नकळत, मूळ पदावर आला आहे.

पाण्याविषयीचे हे भय महानगरापुरते नाही. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील भूजल खारे असून पिण्याच्या पाण्यासाठी लोकांना टँकर, पाणीपुरवठा योजना किंवा विकतच्या जारवर अवलंबून राहावे लागते, आणि मूत्रपिंडाच्या विकारांचा संबंध लोक याच पाण्याशी लावतात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा आदी गावांत शंभराहून अधिक जणांचे केस अचानक मुळापासून गळू लागले. काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडले. पहिला संशय पाण्यावरच गेला. पाण्याचे नमुने तपासले गेले, त्यात नायट्रेट आणि क्षारांचे प्रमाण जास्त आढळले, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक तपासणीसाठी आले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासण्यांमुळे पुढे लक्ष पाण्यावरून स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या गव्हातील सेलेनियमकडे वळले. कारण कळेपर्यंतच्या काळात या गावांतील लोकांशी संपर्क टाळला जाऊ लागल्याच्या आणि सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या.

या घटनेचा चित्रपटाशी थेट संबंध नाही आणि ती त्यानंतर तीन वर्षांनी घडली. मात्र झोंबीपट ज्या क्रमाने रचले जातात तो क्रम येथे प्रत्यक्षात दिसला: अनाकलनीय लक्षण, पाण्याविषयी संशय, आणि आजारापेक्षा वेगाने पसरणारे अंतर. फरक असा की शेगावच्या रुग्णांपासून कोणालाही धोका नव्हता. झोंबीपट बाधित माणसाला मारणे न्याय्य ठरवतो, आणि साथीच्या काळात हीच त्याची सर्वांत अडचणीची बाजू ठरते. झोंबिवलीने विनोदाचा आधार घेऊन आणि दोष आजाऱ्यांकडून साथ पसरवणाऱ्यांकडे वळवून ही अडचण बरीच हलकी केली आहे.

निर्मिती

सारेगामा इंडिया ही पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया होय. एच.एम.व्ही. या नावाने जुन्या पिढीला परिचित असलेल्या या कंपनीने २०१७ च्या सुमारास यूडली फिल्म्स या नावाने चित्रपटनिर्मिती सुरू केली. मोठ्या नटांऐवजी विषयावर भिस्त ठेवणारे, आटोपशीर खर्चातील चित्रपट हे या संस्थेचे धोरण राहिले. 'अज्जी', राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा उर्दू चित्रपट 'हमिद' आणि 'अखुनी' ही त्याची उदाहरणे आहेत.

दिग्दर्शक आदित्य सरपोतदार हे मूकपटांच्या काळात पुण्यातून चित्रनिर्मिती करणाऱ्या नानासाहेब सरपोतदार यांच्या घराण्यातील आहेत. त्यांनी यापूर्वी 'उलाढाल' (२००८), 'नारबाची वाडी' (२०१३), 'क्लासमेट्स' (२०१५) आणि 'फास्टर फेणे' (२०१७) हे चित्रपट दिग्दर्शित केले होते. यांपैकी फास्टर फेणेमध्ये अमेय वाघ नायक होते. झोंबिवलीची पटकथा महेश अय्यर, साईनाथ गणुवाड, सिद्धेश पुरकर आणि योगेश जोशी यांच्या नावे आहे.

चित्रपटाची घोषणा आणि चित्रीकरण करोना साथीच्या काळात झाले. झोंबीपटात अंगावर धावून येणारी गर्दी अपरिहार्य असते, आणि त्या वेळी नेमकी गर्दीच निषिद्ध होती. मुखपट्टी, विलगीकरण, सोसायटीचे बंद फाटक, घरकाम करणाऱ्यांना प्रवेशबंदी हे शब्द आणि दृश्ये २०२० साली प्रत्येक गृहसंकुलात रोजची झाली होती. त्यामुळे एरवी परदेशी वाटला असता असा हा प्रकार मराठी प्रेक्षकाला ओळखीच्या अनुभवातून समजून घेता आला.

प्रदर्शन

हा चित्रपट एप्रिल २०२१ च्या अखेरीस प्रदर्शित होणार होता. परंतु साथीच्या दुसऱ्या लाटेमुळे राज्यातील चित्रपटगृहे बंद झाली आणि प्रदर्शन लांबणीवर पडले. २२ ऑक्टोबर २०२१ पासून निम्म्या आसनक्षमतेने चित्रपटगृहे पुन्हा सुरू झाली. ओमायक्रॉनच्या लाटेत, हे निर्बंध पूर्णपणे उठण्यापूर्वीच, २६ जानेवारी २०२२ रोजी झोंबिवली पडद्यावर आला. त्याच वर्षी मे महिन्यात तो झी५ या ऑनलाइन मंचावर उपलब्ध झाला.

पुढील काळ

झोंबिवलीनंतर मराठीत झोंबीपटांची मालिका तयार झाली नाही. स्वतः सरपोतदार हिंदीत गेले आणि तेथे देशी भुतांकडे वळले. कोकणच्या पार्श्वभूमीवरील त्यांचा 'मुंज्या' ७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. प्रसिद्ध ताऱ्यांशिवाय केलेल्या या हिंदी चित्रपटाने देशात १०० कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळवले. पुढच्याच महिन्यात त्यांचा 'ककुडा' हा भयविनोदी चित्रपट झी५ वर आला, तर २०२५ च्या दिवाळीत त्यांनी दिग्दर्शित केलेला 'थामा' प्रदर्शित झाला.